चक्कीवाले आणि म्युलर

उदगीरच्या डाळमिलमध्ये रंग निवडायची मशीन बसवायला
जर्मनीहून माणूस आला, तुरीच्या ऐन हंगामात.
खिशावर नाव शिवलेलं : म्युलर.
नाकाला फडकं बांध म्हटलं तर बांधायचा नाही.
तीन दिवसांत भुवया पिवळ्या झाल्या.
मी फोरमन, मुनव्वर चक्कीवाले.
माझ्या खिशावर मालकाचं नाव.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं,
फोनमधल्या बाईच्या तोंडून,
चक्कीवाले म्हणजे काय?
मी मूठभर तूर घेतली,
दोन तळहातांत रगडली, फुंकर मारली.
तो एवढ्यानं हसला की पोतं पाठीवर घेतलेला हमाल
तसाच थांबला.
छातीवर बोट आपटत तो म्हणाला, म्युलर! म्युलर!
आणि त्यानंही तळहात रगडले, रिकामेच.

मग माझी भाकरी मोडून खाता खाता सांगत गेला :
तिकडं ओढ्याओढ्यावर एक चाक,
चाकापाशी एक घर, घरात एक दळणारा.
गावात हान्स चार असोत, दळणारा एकच;
वहीत नाव लिहिणाऱ्याला तेवढं पुरे.
गावं हजारो, म्हणून म्युलर हजारो,
फोनच्या पुस्तकात पानंच्या पानं,
आणि कुणी कुणाचा लागत नाही.
उत्तरेला गेलेला मोलर झाला,
बोटीत बसलेला मिलर होऊन उतरला.
लोक म्हणायचे, दळणारा पीठ चोरतो.
कुठं कुठं त्याच्या पोराला
दुसऱ्या धंद्यात शिरू देत नसत.

इथं फोनमधली बाई अडखळली,
पुन्हा सांगू का म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे. एवढं समजलं.

माझं मी सगळं सांगितलं नाही.
आजा, दादामियाँ. चक्की त्याची नव्हतीच.
चक्की बसलिंगप्पाची, ऑइल इंजिनवरची,
नळकांड्यावर पत्र्याचा डबा बांधलेली,
पुक् पुक् ऐकलं की बाया दळण काढायच्या.
दगड गुळगुळीत झाले की पीठ गरम उतरतं,
मग आजाला बोलावणं यायचं.
छिन्नी घेऊन तो दगडाला टाकी लावायचा,
एकेक चर, उकिडवा बसून.
एक कपची उडाली, डावा डोळा घेऊन गेली.

निजामाच्या वक्ताला लेव्हीचा कारकून आला.
गावात दादामियाँ तिघं.
हा कोणता? पांढरा, पिठानं माखलेला,
चक्कीच्या दारात उभा आहे तो.
लिही, चक्कीवाला.
पुढं शाळेत मास्तरनं 'ला'चा 'ले' केला,
आदर म्हणून की शाई पसरली म्हणून,
अल्ला जाणे.

बापानं जन्मभर सायकलींचे पंक्चर काढले. चक्कीवाले.
चुलता बिदरला बेकरीत, पाटीवर कानडीत चक्कीवाले.
पुतणी दोहाला नर्स;
अरबीत 'च' नाही, म्हणून बिल्ल्यावर शक्कीवाले.
आम्ही फोनवर हसतो तिला,
ती म्हणते, पेशंट ठीक होतो, बस्स.
आणि बसलिंगप्पाची नातवंडं?
ती हंदरगुळे. गावावरून.
चक्की ज्यांची, त्यांच्या नावात पिठाचा कणही नाही.

तुझ्या घरात शेवटी कुणी दळलं? मी विचारलं.
म्युलर बराच वेळ भाकरीकडं बघत राहिला.
बाप ट्राम हाकायचा. आजा घड्याळं दुरुस्त करायचा.
त्याच्या मागं फक्त चर्चची वही.

चौथ्या दिवशी मशीन सुरू झाली.
डाळ धारेनं पडते, काळा दाणा दिसला
की वाऱ्याची एक टिचकी, दाणा बाजूला.
नवा पोऱ्या वाकून बघत होता,
"मामू, काय बघलालंय हे?"
"रंग."
"बस्? रंगच?"
मी त्याला पोती मोजायला पाठवलं.

जाताना म्युलरनं फॉर्म भरला.
मशीन कुणाच्या ताब्यात, त्या रकान्यात माझं नाव,
त्याच्या लिपीत, जीभ दातात धरून.
मग कागद माझ्यापुढं सरकवला, बरोबर ना?
एक अक्षर चुकलं होतं.
बाहेर ट्रक हॉर्न देत होता, हंगाम होता,
मी खाली सही केली.